बारवेतलं शून्य

उणे सात मोठं की उणे तीन?

मथुरा म्हणाली, सात. टिप्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. या यंत्रमानवाने पुन्हा काहीतरी टिपून घेतलं होतं. उगाच नाही पोरांनी त्याचं नाव टिप्या पाडलं.

चार दिवस हेच चाललं होतं. सगळी सहावी वर्गात गणितं सोडवायची आणि टिप्या एकट्या मथुराला प्रश्न विचारायला गावाबाहेरच्या बारवेवर (पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरीवर) आणायचा. ढवळे मॅडम म्हणाल्या होत्या, तुला गणन-अक्षमता आहे (डोकं झकास चालतं, पण कागदावरच्या आकड्यांचं लहान-मोठं उमगत नाही). मॅडम फारच गोड बोलल्या, तिथंच मथुराला संशय आला. टिप्याचा अहवाल शनिवारी मॅडमकडे जाणार होता. तो वाईट निघाला की घर सोडून जिल्ह्याच्या वसतिगृहात रवानगी. आज शुक्रवार.

तिने त्याचीच परीक्षा घेतली. एक उत्तर बरोबर दिलं, दिवा गप्प. एक मुद्दाम चुकवलं. दिवा लगेच लुकलुकला.

"चुकाच तेवढ्या मोजतोस. मला घालवायचं ठरलंय ना तुमचं?"

टिप्याने छातीवरचा पडदा तिच्यापुढे केला. ओळीखाली ओळ, एकोणीस वेळा एकच मजकूर: माझा प्रश्न फसला. कारण माहीत नाही.

हे आत्ता बदललंस, असं ती म्हणाली. टिप्या म्हणाला की वेळ बघ, प्रत्येक ओळीपुढे आहे. तिने बघितली. सोमवारपासूनची होती.

"सात का म्हणालीस? तेवढं सांग."

"पंप बंद पडल्यावर घागर घेऊन उतर, मग कळेल. तीन पायऱ्यांपेक्षा सात जास्तच असतात. मला येडी समजतोस?"

टिप्याने कबूल केलं की तिचं गणित चुकलेलं नव्हतंच. ती उतरायचं अंतर मोजत होती, तो पाण्याची पातळी विचारत होता. त्याने भिंतीवरची गेरूची रेघ दाखवली. तिथं शून्य. वर एक, दोन, तीन. खाली उणे एक, उणे दोन. या ऋण संख्या (शून्याच्या खालच्या). पाणी जितकं वर, तितकी संख्या मोठी.

मथुरा रेघेखालच्या सातव्या पायरीपर्यंत उतरली. पाणी अजून दोन पायऱ्या खाली होतं. भिंतीवर शेवाळाचे जुने पट्टे होते. तिसऱ्या पायरीला पाणी असताना पोरं धडाधड उड्या मारायची. सातव्याला गेलं तेव्हा आई कुरकुरली होती, गढूळ येतंय म्हणून.

"पाणी तीनला जास्त होतं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे उणे तीन मोठं."

दिवा लुकलुकला नाही. तरी तिचा विश्वास बसेना. अहवाल माझ्यासमोर लिही, मोठ्याने वाच आणि इथूनच पाठव, असं तिने बजावलं. टिप्याने वाचलं: मुलीला हलवू नका. प्रश्न कागदावरून बारवेच्या पायऱ्यांवर हलवा.

मॅडमचं उत्तर तिथल्या तिथं आलं. मथुरा इथंच शिकेल. सोमवारी सगळा वर्ग बारवेवर.

मथुराने पुन्हा पाण्यात डोकावून पाहिलं. पायऱ्या आत, हिरव्या अंधारात उतरत गेल्या होत्या.

"खाली अजून किती आहेत?"

"माहीत नाही. कुणी मोजल्या नाहीत."

"मे महिन्यात पाणी उतरलं की मोजू," ती म्हणाली. "पण आकडे मी लिहिणार."