लँटर्न मार्शचा सीलबंद डबा

भिवंडीजवळ वडपे गावातल्या गोदामात दुपारी सोनीची पिशवी टेबलावर पालथी केली, तेव्हा साठ-सत्तर माणसं बघत होती. जेवणाचा डबा पडला, तंबाखूची पुडी पडली, साबणाची अर्धी वडी पडली. शेवटी जुन्या लुगड्याच्या धुऊन घडी घातलेल्या चिंध्या पडल्या. बायकांनी माना खाली घातल्या. पुरुषांनी दुसरीकडे पाहिलं, पण जरा उशिरानेच. ज्यासाठी झडती चालली होती, ती गेमच्या डब्यातली फ्लॉपी मात्र एकही निघाली नाही.

"मी न्हाय उघडला डबा," सोनी म्हणाली. "आन् वरचा प्लास्टिकचा कागद आमच्या मशीनचा न्हायच. बगा तरी."

"तू गप बस," रामनाथकाका म्हणाले. पिशवी तपासा असं सुचवणारेही तेच होते.

भिवंडीत काकांचा कॉम्प्युटर क्लास होता, त्याला आता वीस वर्षं झाली. क्लास बुडाला, पण जुन्या गेम्सचं वेड काही सुटलं नाही. कोणत्या गेमचा डबा दुर्मीळ, कोणता कचरा, हे सांगावं तर त्यांनीच, असा गावात लौकिक होता. म्हाताऱ्या माणसाजवळ दुसरं काय असतं? काका हा लौकिक जिवापाड जपत.

गेल्या गुरुवारी गोदामाचे मालक धनेशशेठ यांनी त्यांना बोलावलं होतं. पूर्वी इथे परदेशी गेम्स आणणारा एक व्यापारी भाडेकरू होता. तो माल टाकून निघून गेला आणि माळ्यावरची खोली तेव्हापासून बंद पडली. काकांच्या देखत कुलूप तोडलं. आत सतरा डबे वाळवीने खाल्लेले आणि एक धडधाकट, 'लँटर्न मार्श', प्लास्टिकच्या वेष्टनात. काकांनी तिथल्या तिथे निकाल दिला: कारखान्यातून निघाल्यापासून सीलबंद, किंमत अडीच लाख. उघडलेला असता तर वीस हजारांवर कोणी गेलं नसतं.

आज सकाळी पुण्याचा खरेदीदार आला. त्याने भिंगातून डबा पाहिला आणि म्हणाला, "हे कारखान्याचं वेष्टन नाही. नंतर कोणीतरी घातलंय." चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

"मंजे चार दिवसांत कोनीतरी हितंच उघडलाय!" धनेशशेठ कडाडले. "आतला माल काढून परत प्लास्टिक चढवलंय. काका, कोन असंल?"

काकांनी उजवा हात खिशात घातला. "प्लास्टिकचं मशीन सोनी चालवते," ते म्हणाले. "माळ्याची झाडलोटही तीच करते."

पुढचं सगळं ह्या दोन वाक्यांवर झालं.

धनेशशेठनी क्षितिजाला फोन लावला, तेव्हा काका म्हणाले, "तिला कशाला त्रास?" एरवी क्षितिजाच्या प्रत्येक तपासात ते हौसेने मागे मागे असत. गोदामांतल्या चोऱ्या शोधणं हा तिचा धंदा. काका तिच्याबरोबर फिरत, चुकीच्या माणसावर संशय घेत आणि तिच्या हसण्याचा विषय होत.

क्षितिजा आली. सोनी दाराशी उभी होती, पिशवी छातीशी धरून.

"सहाला शिफ्ट सुटंल," धनेशशेठ म्हणाले. "तवर काय निगालं न्हाय तर हिचा फोटो सुपरवायझरांच्या ग्रुपवर टाकनार."

फोटो ग्रुपवर गेला की वडप्यात, अंजूरला, कुठेच कोणी तिला कामावर घेणार नव्हतं. दिघाशीच्या पाड्यावर तिच्या पगारावर चार माणसं जगत होती. घड्याळात साडेचार वाजले होते.

क्षितिजाने आधी महादूला बोलावलं. तो व्यापाऱ्याच्या काळापासूनचा वॉचमन.

"कंटेनर आला का बाया बसायच्या, डब्यांवर रुपयांतल्या किमतीचं स्टिकर लावायच्या," तो म्हणाला. "मग माल मुंबईच्या दुकानांत. तिथनं फाटका-बिटका परत आला का तो ठाकठीक करून पुन्ना ठेवायचे."

"चार दिवसांत माळ्यावर कोण गेलं?"

"सोनी झाडायला. आन् देवेशशेठ."

देवेश हा धनेशशेठचा पुतण्या. आपलं नाव निघताच त्याच्या कपाळावर घाम आला.

"एक रात्र घरी नेला होता," तो शेवटी म्हणाला. "अंजूरला. फोटो काढून दुसरं गिऱ्हाईक बघत होतो. पण उघडला नाही, आईशप्पथ!"

"बघ!" काका एकदम बोलले. "म्हणजे हाच असेल."

"आत्ताच तर सोनी होती ना, काका?" क्षितिजा म्हणाली.

मग ती सोनीला घेऊन मशीनपाशी गेली. "शांपूचा एक खोका गुंडाळून दाखव, ताई."

सोनीने अर्ध्या मिनिटात खोका गुंडाळला. प्लास्टिक पाण्यासारखं स्वच्छ होतं आणि त्यावर बारीक भोकांच्या रांगा होत्या. क्षितिजाने 'लँटर्न मार्श' शेजारी ठेवला. त्याचं वेष्टन कडांना पिवळं पडलेलं, एकही भोक नसलेलं. सोनी मशीन बंद करायला वळली. तिचं हे दुपारीच सांगून झालं होतं.

"काका, गुरुवारी तुम्ही डबा कसा तपासलात?"

"नेहमीसारखा. कोपरे पाहिले, वास घेतला, वरून बोट फिरवलं." काका थांबले. "देवेशने सगळं मोबाइलवर घेतलंय."

"मग तेच बघू."

साडेपाचला सगळे ऑफिसात जमले. क्षितिजाने मोबाइल टेबलावर उभा केला. पडद्यावर कुलूप तुटलं, धूळ उडाली, आणि काका ऐटीत डबा उजेडात धरून बोलू लागले: "हे पाहा, एमआरपीचं स्टिकर. इतकी वर्षं झाली, पण कोपरा नखाला लागत नाही!" बोट चित्रावरून स्टिकरवर आणि स्टिकरवरून चित्रावर सरकत गेलं. खिडकीच्या उजेडाची तिरीपही स्टिकरच्या कडेवर न तुटता सलग गेली.

क्षितिजाने व्हिडिओ थांबवला.

"हे पिवळं वेष्टन सोनीच्या मशीनचं नाही. तिने ते दुपारीच सांगितलं, पण ऐकायला कोणाला वेळ नव्हता. आता स्टिकर बघा. किंमत रुपयांत आहे. परदेशातला कारखाना रुपयांचं स्टिकर लावेल का? ते इथे बायांनी लावलं, महादूने डोळ्यांनी पाहिलंय. कारखान्याच्या वेष्टनावर लावलं असतं, तर बोटाला कड लागली असती. लागली नाही, कारण स्टिकर प्लास्टिकच्या आत आहे."

"मंजे?" धनेशशेठनी विचारलं.

"म्हणजे स्टिकर आधी लागलं, वेष्टन नंतर चढलं. डबा दुकानातून फाटका परत आला असणार आणि व्यापाऱ्याच्या माणसांनी तो पुन्हा गुंडाळला. गुरुवारी कुलूप तुटलं तेव्हाही तो असाच होता. देवेशने तो घरी नेला, न नेला, काही फरक पडत नाही. चार दिवसांत हा कोणी उघडलेला नाही."

"मंग चोर कोन?"

"चोरीच झाली नाही, शेठ. किंमत करताना चूक झाली."

क्षितिजा काकांकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर रोजचं हसू नव्हतं.

"एक गोष्ट मला कळत नाही, काका. तुम्ही माणसांच्या बाबतीत चुकता, पण डब्यांच्या बाबतीत तुम्ही इतके मंद नाही. तो खरेदीदार बोलला, तेव्हा तुम्हाला हे बोट आठवलं नाही?"

आठवलं नव्हतं म्हणावं, म्हातारपणावर ढकलावं आणि सुटावं, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांची नजर सोनीच्या हातातल्या पिशवीवर गेली. तिचा बंद दुपारच्या ओढाताणीत तुटला होता, तिने तो गाठ मारून बांधला होता.

"आठवलं," ते म्हणाले. "तेव्हाच आठवलं. गुरुवारी आनंदाच्या भरात चुकलो होतो. आज चुकलो नाही. आज मला माहीत होतं." ते सोनीकडे वळले. "माझं नाव जाईल म्हणून मी हिचं नाव घेतलं."

धनेशशेठ खुर्चीत मागे रेलले. देवेश जमिनीकडे बघू लागला. काकांना वाटलं, जमीन दुभंगावी. गोदामाची फरशी कसली दुभंगते! त्यांनी सोनीपुढे हात जोडले. "माफ कर, बाई."

सोनीने त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

"माजी पिशवी सगळ्यांम्होरं पालथी केली," ती म्हणाली. "हितं पाच मानसांत सांगून मना काय?"

बाहेर शिफ्ट सुटल्याची घंटा झाली. गेटपाशी माणसांची रांग लागली. आज चोर सापडला का, ह्या उत्सुकतेने कोणी पाय उचलत नव्हतं. काका ऑफिसातून निघाले. क्षितिजा त्यांच्याबरोबर गेली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते तिला मागे ठेवून एकटे चालत होते.

सोनी बायकांमध्ये जाऊन उभी राहिली.

काका लाकडी पॅलेटवर चढले. त्यांनी सगळं सांगितलं: डबा कोणी उघडला नाही, सोनीने काही घेतलं नाही, खोटं मी बोललो, जाणूनबुजून बोललो. सांगताना मान वर झाली नाही. संपलं, सुटलो, असं वाटून ते खाली उतरायला लागले.

"ओ काका," रांगेच्या शेवटून एका बाईचा आवाज आला. "मागं काय ऐकू आलं न्हाय. जोरात बोला."

काका पुन्हा वर चढले. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.