सातवा अंबादास

अंबादास गड्डमचे सहा मेंदू काचेपलीकडच्या वर्गात होते, सातवा समोरच्या ताटलीत आणि आठवा त्याच्या स्वतःच्या डोक्यात. यातल्या कुठल्याचं ऐकायचं, हेच त्याच्या बायकोला, नरसम्माला, कळत नव्हतं.

२०७१ साली सोलापुरात मेंदूला सुरी लावण्याआधी तो छापून घेत. पूर्वीही छापत, पण ते नुसतं प्लास्टिक. पोरांना शिरा दाखवण्यापुरतं. आताचा छापमेंदू खरवसासारखा मऊ असायचा आणि माणसाच्या मेंदूतली एकूण एक जोडणी त्यात जशीच्या तशी उतरायची. वीज सोडली की तो ऐकायचा, उत्तर पडद्यावर उमटायचं. डॉक्टर त्याच्यावर तालीम करायचे, विद्यार्थ्यांना कापायला शिकवायचे. फसली तर फसली, दुसरा छापायचा.

अंबादासच्या गाठीपर्यंत दोनच वाटा होत्या, डॉ. केतकी राजवाडेंनी समजावलं. एकीनं गेलं तर तो बायकोला ओळखणार नाही. दुसरीनं गेलं तर चाळीस वर्षं कापडाचे माग दुरुस्त करणारे त्याचे हात सगळं विसरतील. वाट ठरवून नातेवाइकानं सही द्यायची.

नवऱ्यानं कालच खाटेवरून निकाल दिला होता. "तुला ठेवायचं, येडे. माग काय, लोखंड."

"तालमीआधी आम्ही छापमेंदूंनाही विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "सातही वेळा उत्तर आलं, माग ठेवा."

"म्हणजे काल हे मला खोटं बोलले?"

"तुमच्या तोंडावर बोलले, ताई. ही जेली आहे. हिला कुणाची भीड नाही."

नरसम्मा म्हणाली, मीच विचारते. असं करत नाहीत म्हणून डॉक्टर कुरकुरल्या, पण ती ऐकते कसली? तिनं माइक ओढला. जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. जेलीपुढं कशाला घेईल?

"अहो, मी आलेय. काय ठेवायचं?"

पडद्यावर अक्षरं आली.

तुला ठेवायचं, येडे. माग काय, लोखंड.

नरसम्माच्या हातातलं सहीचं पेन तसंच राहिलं. "भीड नाही म्हणालात ना? मग ही माझं मन कशाला राखतीय?"

डॉक्टरांनी काचेकडं पाहिलं. काचेपलीकडं विद्यार्थी हातमोजे चढवून सहा ताटल्यांभोवती जमले होते.

"आणि ते सहा?" तिनं विचारलं. "कापताना ते काय म्हणतात?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शिकवताना आम्ही पडदा जोडत नाही."