मोंगू ते लुसाका, थांबत थांबत

मोंगूच्या बसथांब्यावर तो सुटकेसवर बसला होता, आणि नालिशेबोला त्याच्याकडे बघायला मुळीच वेळ नव्हता. तरी तिने पाहिलं. एकदा सुक्या मासळीची टोपली पिकअपमध्ये चढवताना, आणि एकदा... काही कारण नसताना.

अठ्ठ्याऐंशी सालचा ऑक्टोबर. सकाळचे साडेपाच वाजले नव्हते तोच वाळू तापायला लागली होती. त्याच्या अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि बूट इतके चकचकीत की त्या वाळूच्या गावात हसूच यावं.

"बस येणार नाही," शेवटी तीच म्हणाली. "परवा नाही आली, काल नाही आली. डिझेल नाहीये."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पण मग दुसरीकडे कुठे जाऊन बसू, ते कळेना."

असं उत्तर तिला आजवर कुणी दिलं नव्हतं.

त्याचं नाव मुयुंदा. इथल्याच शाळेत गणिताचा मास्तर. शिष्यवृत्ती मिळाली होती, दोन वर्षं इंग्लंडमध्ये शिकायचं. विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला, तेही राजधानी लुसाकाहून, आणि मध्ये सहाशे किलोमीटर. हे विमान चुकलं तर ती जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार.

"ही गाडी लुसाकाला जाते ना?" त्याने विचारलं.

"निघते लुसाकाला," नालिशेबो म्हणाली. "जाते कुठवर, ते तिचं तिला माहीत."

गाडी तिच्या बाबांची. ते जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्यामागे तिच्याकडे ही पिकअप आली, पान्यांची पेटी आली, आणि गाडीशी बोलायची खोडही आली. चोविसाव्या वर्षी त्या रस्त्यावर गाडी हाकणारी ती एकटीच बाई होती. पेट्रोलपंपावरचे लोक अजून विचारत, "ड्रायव्हर कुठे गेला?"

मासळीची मालकीण पुढच्या सीटवर आधीच ऐसपैस बसली होती. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे तिला मा-लिकांदो म्हणत. मुयुंदाने गुडघे टेकून हलक्या टाळ्या वाजवत तिला रीतसर नमस्कार केला. म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर मध्ये बसेल," तिने जाहीर केलं. "माझे गुडघे दुखतात. मला खिडकी लागते."

मध्ये म्हणजे गिअरच्या दांड्याजवळ. दर वेळी गिअर टाकताना नालिशेबोचा हात मुयुंदाच्या गुडघ्याला लागायचा, आणि दर वेळी तो गुडघा आक्रसून घ्यायचा. पन्नास किलोमीटर हेच चाललं.

"गुडघा राहू द्या तिथेच," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "चावणार नाही मी."

मा-लिकांदोने डोळे मिटून घेतले होते. तिच्या गालावरची सुरकुती मात्र हलली.

काओमाच्या अलीकडे फट्कन आवाज झाला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. पंख्याचा पट्टा तुटला होता. दुसरा पट्टा नव्हता. नालिशेबोने सीटमागून एक जुनी ट्यूब काढली, सुरीने तिच्या तीन लांब पट्ट्या कापल्या आणि त्या वळायला घेतल्या. रबर हातातून सुटत होतं.

"द्या इकडे," मुयुंदा म्हणाला. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला, एक टोक बुटाखाली दाबलं, आणि त्याची बोटं भराभरा चालायला लागली. घट्ट, एकसारखी तीनपेडी वेणी.

नालिशेबो बघतच राहिली. "हे कुठल्या शाळेत शिकवतात?"

"पाच बहिणी आहेत मला. मी एकटा भाऊ. शाळेला जायच्या आधी रोज पाच डोकी माझ्या वाट्याला यायची."

"मग लग्न झाल्यावर सोय होईल बायकोची."

"तिला चालत असेल तर," तो म्हणाला. आणि मान वर केली. तिचे केस डोक्याच्या रुमालातून सुटून कानावर आले होते... तो तिथेच बघत होता. ती झटकन बॉनेटमध्ये शिरली.

त्या वेणीवर गाडी रखडत काओमाला पोचली. तिथे एका भंगार गाडीचा पट्टा मिळाला. मा-लिकांदोने सगळ्यांना उकडलेली रताळी खायला घातली आणि मुयुंदाला दोन जास्त दिली.

पुढे काफ्वेचं अभयारण्य. तिथे डांबर कमी आणि खड्डे जास्त. त्सेत्से माश्या शर्टावरून चावत होत्या, काचा वर केल्या तर जीव गुदमरत होता. मुयुंदा आपल्या वहीने तिच्या मानेवरच्या माश्या हाकलत बसला. स्वतःच्या मानेवर किती बसल्या, त्याचं त्याला भानच नव्हतं.

"मास्तर, तुम्हाला फाडून खातायत."

"तुमचे दोन्ही हात गुंतलेत. माझे मोकळे आहेत."

तिने पुढचा गिअर गरजेपेक्षा जोरात टाकला.

दुपारी चाकाखालून उडालेला दगड पेट्रोलच्या टाकीवर बसला. वास येताच तिने गाडी थांबवली. टाकीला करंगळीएवढं भोक पडलं होतं आणि धार लागली होती.

"साबण!" ती ओरडली. "अंगाचा नको, कपड्याचा! अर्धी वडी पुरे!"

मा-लिकांदोने बोचक्यातून साबणाची वडी फेकली. मुयुंदा तो थुंकी लावून लावून कणकेसारखा मळू लागला, आणि नालिशेबो भोकावर अंगठा दाबून गाडीखाली पडून राहिली. पेट्रोल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं.

"लवकर! अंगठा बधिर झालाय."

तो तिच्याशेजारी सरपटत आला. तिने अंगठा काढला, त्याने गोळा दाबला, आणि तिने त्याच्या हातावर हात ठेवून तो आणखी दाबला. धार थांबली. आता हात काढायला हरकत नव्हती. दोघांनीही काढला नाही.

"बसला का?" त्याने हळूच विचारलं.

"थोडा वेळ दाबून धरावा लागतो," ती म्हणाली.

तेवढा वेळ लागत नाही, हे तिला चांगलंच माहीत होतं.

नदीवरच्या पुलाच्या अलीकडे चाक बसलं. स्टेपनी आधीच वापरून झाली होती. मग तिघांनी मिळून गवत उपटलं आणि टायरमध्ये ठासून भरलं. मा-लिकांदो गवत उपटता उपटता हत्तींना शिव्या देत होती. हत्ती लांब होते, पण तिच्या मते त्यांनी ऐकायला हवं होतं. गाडी डुलत डुलत पहारेकऱ्यांच्या चौकीपर्यंत आली, आणि मुक्काम तिथेच करावा लागला. चुलीवर बुहोबे शिजलं. मक्याच्या त्या घट्ट पिठासोबत टोपलीतली मासळी निघाली, आणि तिघं एकाच भांड्यातून जेवली.

जेवताना मुयुंदाने सांगितलं, मुलांना गणित का आवडत नाही, ते त्याला तिकडे शिकायचं होतं. "मला नाही आवडलं कधी," नालिशेबो म्हणाली. तो म्हणाला, "तुम्ही भोक बघितलंत आणि साबण किती लागेल ते सांगितलंत. ते काय होतं?" वर्गातल्या बाईंनी तिला ढ म्हटलं होतं, ते तिने आजवर खरंच मानलं होतं.

सकाळी पहारेकऱ्यांच्या मदतीने ट्यूबला ठिगळ लावून ते निघाले. मुम्ब्वा मागे पडलं. साडेअकरा वाजले होते, लुसाका शंभर किलोमीटर राहिलं होतं, आणि मुयुंदा किलोमीटरचे दगड मोजायला लागला होता. तीही. अडीच तासांत विमानतळ. मग संपलं.

आणि क्लच पायाखाली मेल्यासारखा पडला.

पोतं अंथरून ती गाडीखाली गेली. सांध्यातली खीळ निसटून पडली होती. पेटीतला एक जाड खिळा, थोडी तार, दोन पिळे... पाच मिनिटांचं काम. तिने ते केलं. पाना पोटावर ठेवला. आणि तशीच पडून राहिली.

गाडीखालून तिला त्याचे बूट दिसत होते. आता ते चकचकीत नव्हते. धूळ, साबण, पेट्रोल. ते बूट येरझारा घालायचे थांबले.

"किती वेळ लागेल?"

तिने पोटावरचा पाना घट्ट धरला.

"पान्याचा आवाज बंद होऊन बराच वेळ झाला."

"मोजत होतात?"

"गणिताचा मास्तर आहे."

"खिळा बसलाय," ती म्हणाली. "गाडी चालेल."

"मग बाहेर का येत नाही?"

"बाहेर आले की चालू करावी लागेल."

बूट जागचे हलले नाहीत. मग गुडघे दिसले, मग तो पांढरा शर्ट सरळ धुळीत आला, आणि तो सरपटत तिच्याशेजारी येऊन उताणा झाला. दोघांच्या नाकासमोर हातभर अंतरावर तेलकट लोखंड.

"शर्ट खराब झाला," ती म्हणाली.

"झाला." त्याने मान तिच्याकडे वळवली. "नालिशेबो... गाडी दुरुस्त होत नाही, असं तू म्हणालीस तर मी मान्य करीन. तपासणार नाही. परत जाऊ."

*तू.* दोन दिवसांत पहिल्यांदा. तो शब्द त्या गरम, तेलकट जागेत कितीतरी वेळ राहिला.

तिने डोळे मिटले. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. हा माणूस उद्या मोंगूत, परवा मोंगूत, रोज मोंगूत...

"आणि मग?" ती म्हणाली. "वर्गात खडू हातात घेशील आणि तुला विमान दिसेल. मग माझ्याकडे बघशील, आणि तुला ही गाडी दिसेल."

"कदाचित नाही दिसणार."

"मला दिसेल ना!" ती उसळली. "बाबा म्हणायचे, दुरुस्त झालेल्या गाडीला झाली नाही म्हणायचं असेल तर पाना हातात धरू नकोस. मला तू हवा आहेस, मुयुंदा. पण असा, खोटं बोलून अडवलेला नको."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने तोंडावर हात ठेवला, आणि हाताचं सगळं काळं तेल गालाला लागलं. तो हसला. मग हसता हसता त्याचे डोळे भरले. बाहीने तो तिचा गाल पुसायला गेला आणि तेल आणखीच पसरलं.

"खालचं बोलणं संपलं असेल तर निघा!" वरून मा-लिकांदोचा आवाज आला. "मासे वाट बघतील. विमान नाही बघणार."

विमानतळावर ते तीनला पोचले. मुयुंदाच्या अंगाला मासळीचा असा वास येत होता की रांगेतली माणसं चार पावलं मागे सरकली. दारापाशी तो वळला.

"वाट बघशील?"

"वाट बघणं मला जमत नाही. बसून राहिले की मला कसंतरी होतं," ती म्हणाली. "पत्र टाक. कोणत्या दिवशी येणार ते कळव. मी न्यायला येईन."

परतीच्या वाटेवर मा-लिकांदो मध्ये बसली. गुडघ्यांबद्दल एक शब्द बोलली नाही.

पत्रं आली. आधी दर आठवड्याला, मग महिन्याने. एका हिवाळ्यात पाच महिने एकही आलं नाही, तेव्हा नालिशेबोने पोस्टासमोरून जाणंच सोडलं. मासळी बाजाराला लांबचा वळसा घालून जायची. मग एकदम चार पत्रं आली. तो आजारी होता, छातीत कफ झाला होता, आणि ती घाबरेल म्हणून कळवलं नव्हतं. तिने उत्तरात अर्धं पान शिव्या लिहिल्या. उरलेल्या अर्ध्या पानावर काय लिहिलं, ते मुयुंदाने आजवर कुणाला दाखवलेलं नाही.

दोन वर्षं आणि एका महिन्याने तार आली. नालिशेबो निघाली तेव्हा पुढच्या सीटवर मा-लिकांदो येऊन बसली होती, छापील कापडाची नवी चितेंगे कमरेला गुंडाळून.

"तुम्हाला कुणी बोलावलं?"

"मागणी ऐकायला मोठं माणूस लागतं. तुझ्या बाजूने कोण आहे? हे इंजिन?"

ऑक्टोबरच होता. लुसाकात दुपारच्या उन्हाने डांबर मऊ झालं होतं. मुयुंदा बाहेर आला तो वाळलेला, चष्मा लागलेला, आणि अंगात गुडघ्यापर्यंत लोकरीचा जाड काळा कोट घालून. सुटकेसमध्ये पुस्तकं भरली, कोटाला जागा उरली नाही, असं तो म्हणाला. घामाच्या धारा लागल्या होत्या. नालिशेबो वाटेत पाठ केलेली सगळी वाक्यं विसरली.

"मला लुसाकात राहा म्हणतायत," त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. "मी मोंगू मागितलंय. अजून उत्तर नाही. कदाचित नाहीच म्हणतील. तर आधी हे ऐक, आणि मग..."

आणि तो त्या मऊ डांबरावर, टॅक्सीवाल्यांच्या देखत, कोटासकट गुडघ्यांवर बसला. मा-लिकांदोकडे तोंड करून टाळ्या वाजवू लागला, जशा मोठ्यांकडे काही मागताना वाजवतात.

"मला कशाला?" म्हातारी म्हणाली. "तिला विचार. गाडी तिची आहे."

तो तसाच गुडघ्यांवर वळला. चष्मा घामाने नाकावरून घसरला होता. टॅक्सीवाले जवळ सरकले. नालिशेबोने तो बोटाने वर सरकवला, आणि तिच्या तोंडून निघालं ते असं:

"आधी तो कोट काढ रे! तुला बघून मलाच भोवळ येतेय."

मुयुंदाला मोंगू मिळायला पुढे चार वर्षं लागली. तोवर ती पंधरवड्याला मासळी घेऊन लुसाकाला जात राहिली. हे कसलं लग्न, असं लोक म्हणत. पण लग्नाच्या जेवणात मा-लिकांदोने उभं राहून सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, मी साक्षीदार आहे. मुलीने 'हो' काही म्हटलं नाही. कोट काढ म्हणाली. आणि पोराने तो असा घाईने काढला, की दोन बटणं तिथेच डांबरात राहिली.