आता सोडा

मामांनी उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं. लोकांना गाडी शिकवून शिकवून त्यांना हुकूम सोडायची सवय जडली होती, आणि स्वयंपाकघरात मामीलासुद्धा ते "हळू, आता डावीकडे" असं सांगत. हृदयाची झडप बदलायची वेळ आली तेव्हा त्यांनी सर्जनलाही बजावलं, की पंपावर माझी भाचीच बसेल, माझी गाडी मी परक्याच्या हातात देणार नाही. सर्जननं थोडी कुरकुर केली आणि हसत मान्य केलं.

ऑपरेशनपुरतं हृदय थांबवतात तेव्हा शरीरात रक्त फिरवणारं मशीन भाची चालवायची. थिएटरात सगळे त्याला पंप म्हणत. आईवडिलांमागे मामामामींनीच तिला वाढवलं होतं, त्यामुळे त्या सकाळी तिच्या जिवाची घालमेल चालली होती.

थिएटरात एक शिस्त होती. सर्जन जे सांगेल ते पंपावरच्या माणसानं मोठ्यानं परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात गफलत होत नाही. तो म्हणायचा, पंप चालू कर. ती म्हणायची, चालू करतेय.

झडप छान बसली. आता पंप कमी करत हृदयावर भार सोपवायचा होता. तिनं तो कमी केला, पण हृदय नुसतं थरथरलं. पुन्हा वाढवला, पुन्हा कमी केला, तरी तेच.  ती पुढच्या हुकमाची वाट बघत राहिली.

"आता सोडा."

"सोडतेय," ती म्हणाली आणि पंप खाली आणला. हृदयानं एक उसळी मारली, मग दुसरी, आणि ते चालूच राहिलं. मास्कांआडून हशा पिकला. तिला तर नाचावंसं वाटत होतं.

"शाबास," सर्जन म्हणाला. "पण मी सांगायच्या आतच सोडलंस की."

"तुम्हीच म्हणालात ना, आता सोडा?"

"मी तुला कधी अहोजाहो करतो का?"

"मीही नाही म्हटलं," भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या. आनंदाच्या भरात विषय तिथंच राहिला.

मामा शुद्धीवर आले. मामीनं पाणी प्या म्हटल्यावर ते अदबीनं म्हणाले, "पाणी पितोय." कूस बदला म्हटल्यावर "बदलतोय." मामी बघतच राहिली. झडपेबरोबर स्वभावही बदललाय का ते सर्जनला विचार, ती भाचीला म्हणाली, आणि बदलला असेल तर असाच राहू दे म्हणावं.

भाची पोट धरून हसली. पंपावरून उतरल्यावर काही रुग्णांचं डोकं थोडे दिवस धुकट राहतं. त्यावरचं नवं संशोधन ती नेमानं वाचायची. त्यात असं कुठं नव्हतं, पण हेही ओसरेल, असं तिनं ठरवून टाकलं. थिएटरातली ती शिस्त मामांना कुणी सांगितली, एवढं मात्र तिला कळेना.

घरी मामा झपाट्यानं सुधारले. शेजारी मुद्दाम हुकूम सोडायला यायचे. मामा उठतोय, बसतोय करत त्यांना हसवायचे. एकदा भाची त्यांच्याजवळ गप्प बसली होती.

"नाही. तिला अजून सांगितलं नाही," मामा म्हणाले.

"कुणाशी बोलताय, मामा?"

मामा गोंधळले. "तूच विचारलंस ना?"

मग मामीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मामा पानावर पूर्वीसारखे ताव मारत होते. त्यांच्याकडे बघून भाचीचं मन भरून आलं. आपला माणूस परत आला, एवढंच तिला हवं होतं. कुणीतरी विनोद केला, सगळे खो खो हसले, मग हसू ओसरलं.

"निघतोय," मामा म्हणाले.

"निघतेय," भाची म्हणाली.

एकाच वेळी. "निघा" हे तिनं स्पष्ट ऐकलं होतं. थिएटरातलाच तो अदबशीर आवाज.

मामी हसून हसून डोळे पुसत होती. "घ्या, हिलाही लागण झाली. कुठं निघालात दोघं?"

भाचीनं टेबलाखाली पाहिलं.

दारात काढून ठेवलेले बूट तिच्या पायांत होते. मामांच्याही. मामांना अजून वाकायची परवानगी नव्हती, पण नाड्या नीट बांधलेल्या होत्या.