पश्चात्ताप नाही!

"सांगा, केलेल्या खुनाचा पश्चात्ताप होतो का?"

उदयसिंगानं जन्मदात्या बापालाच हा प्रश्न विचारला, आणि चुलीपुढं बसलेल्या त्याच्या आईनं, गोमतीबाईनं, चटकन मागं वळून पाहिलं! लेक नागपूरला गुन्हेगारशास्त्रात डॉक्टरेट करत होता; शिक्षा भोगून सुटलेल्या खुन्यांवर त्याचा प्रबंध होता, आणि किन्हीराजाजवळच्या या वाडीत त्याला घरचाच खुनी सापडला होता...

"नाई होत," रामधन शांतपणे म्हणाला.

"जन्मठेप भोगूनही नाही? असा माणूस कधीच सुधारत नाही! तुमच्या पंगतीला मी बसणार नाही."

तुरुंगातून आलेल्याला पंच पंगतीत बसवून परत जातीत घेत, आणि ती पंगत आजच होती. पोटचा पोर शेजारी बसला नाही तर दुसरं कोण बसणार? मेल्यावर खांदाही मिळायचा नाही! तरी रामधन बायकोकडे बघून डोळ्यांनीच 'गप राह्य' म्हणत होता. त्या देवमाणसाच्या शब्दाखातर ती अभागिनी उभं आयुष्य गप्प राहिली होती...

दिवेलागणीला पानं मांडली. उदयसिंग दाराशीच उभा राहिला.

"पोरगाच बसत नाई, त आमी कायले बसाव?" नानाजी पंच म्हणाले.

गोमतीबाईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "त्याईले पस्तावा कुठून होईन? खून त्याईनं केलाच नाई! कपाशीच्या पराटीत राखणदारानं माहा पदर ओढला, अन् म्या इळा मारला... तू अंगावर पेत होता रे, उदया! 'माय गेली त लेकरू मरन,' म्हणून त्याईनं फौजदाराले सोताचं नाव सांगतलं!"

"गोमते!" रामधन कळवळला.

"आई, खुनाला मुदत नसते गं! अजूनही अटक होईल तुला!" उदयसिंग दारातून आत धावला.

"होऊ दे काय व्हाचं ते. तू बापाजोळ बस."

साक्षीला आलेले पोलीसपाटील मारोतराव न जेवताच उठले आणि टोपी घालून ठाण्याच्या वाटेला लागले. कोणी त्यांना थांबवलं नाही.

"रामधन जातीत आला," नानाजी म्हणाले, "बाई मात्र आजपासून बाहेर."

गोमतीबाई कुंपणापलीकडे जाऊन बसली. ज्या पानासाठी रामधन इतकी वर्षं तळमळला होता, ते त्यानं भरल्या पंगतीतून उचललं आणि बायकोसमोर नेऊन ठेवलं. मागोमाग उदयसिंग आला. रडून रडून त्याला धड दिसत नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "जरासे सरका न... मले बी बसू द्या."