पाऊण तासाचा रस्ता सोडून

नेकनूरच्या स्टँडवर जीप उभी होती आणि ड्रायव्हर मुंजाजी चहाला गेला होता. त्या पाच मिनिटांतच सगळा घोटाळा झाला.

"डोंगरावरच्या लेण्यांकडं निघालात का, मॅडम?" मागून आवाज आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि डोळे असे, की चैताली उत्तर द्यायचंच विसरली. "जीप न्हाई जायची. रस्ता वाहून गेलाय. पायवाटेनं चला, मी तिथला राखणदारच हाय."

चैताली विद्यापीठातून आली होती. लेण्यांमधल्या शिलालेखाचे कागदावर ठसे घ्यायचे, काम चार दिवसांचं.

"पायी किती वेळ लागेल?"

"तीन तास... म्हंजी, गप्पा मारल्या तर दोनच."

ती हसली. आणि हसली ती फसलीच!

राखणदाराचं नाव गहिनीनाथ. घर मेंढपाळांचं, शिक्षण बी.ए. चालताना तो काठीने काटेरी फांद्या बाजूला करायचा, पिकलेलं सीताफळ चाचपून तिच्यापुढे धरायचा आणि तिने बघितलं, की घाईघाईने आभाळाकडे बघायचा. चैतालीला हे भलतंच आवडायला लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुंजाजी भेटला. "रस्ता वाहून गेला? कवा? आत्ताच तर शाळेची पोरं वर नेऊन आणली की!"

खरं तर राग यायला हवा होता. पण ती गालातल्या गालात हसत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जीपकडे ढुंकूनही न बघता पायवाटेला लागली.

चौथ्या दिवशी ठसे पूर्ण झाले, तरी गडी काही बोलेना. उद्या सकाळची तिची बस. हा असाच मुका राहिला तर? आपणहून विचारावं, तर जीभ रेटेना.

उतरताना वाटेत पावसाची भुरभुर सुरू झाली. गहिनीनाथने एका कपारीत घोंगडी अंथरली. "बसा."

"तुम्हीही बसा ना."

"नको... घोंगडीवर बसून खोटं बोलत न्हाईत. आमच्यात रीत हाय तशी."

"मग तर बसाच!"

तो अगदी कडेला टेकला. चैतालीने श्वास घेतला. "जीपचा रस्ता खरंच वाहून गेलाय?"

गहिनीनाथने घोंगडीच्या कडेची एक दशी बोटाभोवती गुंडाळली.

"न्हाई..."

"मग चार दिवस मला पायी का चालवलंत?"

"जीपनं पाऊण तासात गेल्या असत्या. मग मला काय मिळालं असतं?" त्याचे कान लाल झाले. "स्टँडवर बघितलं तवाच... लई आवडलात तुमी. आता रागवा."

"मी कशाला रागवू? मला परवाच कळलं होतं."

"परवाच?" तो चक्रावला. "मग काल, आज... पायी कावून आलात?"

'व्यायाम होतो' असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. पण तीही घोंगडीवरच बसली होती.

"तुमच्यासोबत चालायचं होतं म्हणून," ती हळूच म्हणाली. "आणि... पुढेही चालायचंय. मॅडम म्हणणं सोडणार असाल तर."

गहिनीनाथच्या हातून काठी सुटली आणि उतारावरून घरंगळत खाली गेली. ती आणायला दोघांपैकी कुणीच उठलं नाही.