हातावरचं उदक

दुर्गाघाटावर नावा लागतात तो धक्का आमच्या ट्रस्टचा. कार्तिकात तिथे उंच बांबूवर आकाशदिवा चढतो, गंगेत बुडाले आणि सापडले नाहीत त्यांच्यासाठी. माझा नवरा शार्दूल त्यांतलाच. नावेच्या दोरात अडकून त्याची करंगळी वाकडी झाली होती, ती आठवण तेवढी राहिली. मी बँकेत नोकरी करते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, पण त्या दिव्यावर माझा जीव आहे.

चौऱ्याण्णव साली नव्या नदी-बंदर मंडळाने धक्का आणि दिव्याच्या खर्चाची ठेव दोन्ही मागितली. बाकीचे विश्वस्त लगेच वळले. बहुमतापुढे मीही दातओठ खात सही केली. ठेव घेऊनही दिवा मात्र बंद होणार होता. मोटरबोटवाल्यांचे डोळे दिपतात म्हणे.

तरी काम अडलंच. धक्का बांधणाऱ्या घराण्यातल्या माणसाने हातावरून उदक सोडल्याशिवाय दान पुरं होत नाही, तोवर नावा बांधायचे खुंट ठोकणार नाही, असं मल्लाह नावाड्यांनी सांगितलं. घराण्यात उरले होते मी एकटी. मग मंडळाचे अधिकारी वैद्य, शेजारच्या ब्रह्माघाटावरचेच, माझ्या दारी आले. अडला हरी!

"वहिनी, कागज तर झाले. दोन थेंब पाण्यासाठी काय ज़िद?"

"दिवा राहू द्या, सोडते."

"ते माझ्या हातात नाही हो."

"मग उदक माझ्या हातात आहे."

त्या दिवसांत बांबूवरची दिव्याची टोपली सकाळी उतरवली की ओली निघायची. दंव असेल, मी म्हटलं. तळाशी नदीचा गाळ असायचा, त्याबद्दल काहीच म्हटलं नाही.

एकादशीच्या संध्याकाळी विश्वस्तांनी मला उदक सोडायला घाटावर बोलावलं. मी गेले ती सगळ्यांदेखत नाही म्हणायला.

"बस इतकंच, हात पुढे करा," वैद्य म्हणाले.

"घाला पाणी किती घालायचं ते. मी सोडणार नाही."

त्यांनी तांब्यातून माझ्या तळव्यावर पाणी ओतलं आणि ते वाट बघत उभे राहिले. तळव्यात पाणी किती वेळ टिकणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

हात भरून आला. बोटांत फटी पडल्या.

पाणी गळेना.

मल्लाह मागे सरकले. वैद्यांनी वाकून माझ्या हाताखाली पाहिलं आणि तांब्या पायरीवर ठेवून दिला.

"दिवा राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "मी बघतो."

मी वाकले नाही. माझ्या तळव्याखाली दुसरा तळवा होता, गार, गाळाने बुळबुळीत. त्याची करंगळी वाकडी होती.

मी जिंकले होते. हात मागे घेऊ लागले.

तो सोडेना.